बेगिमायची फिल्म आणि फुकटची सॉफ्टवेअरं

२१ एप्रिल, रविवार

पाय सुजलेत. अंगणात अजून भांडी पडली आहेत, म्हातारा घोरतोय, आणि मी हे लिहितेय. कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढा छान सोहळा झाला आणि ही बाई कुरकुरतेय.

सोहळा छानच झाला. काल बेगिमायच्या पायांतला दोरा कापला. काळी आणि पांढरी लोकर मी स्वतः पिळून तो दोरा वळला होता. दोन्ही घोट्यांना बांधून पोरीला अंगणात उभं केलं, मुलं फाटकापासून धावत सुटली, जी पहिली पोचली तिच्या हातात सुरी दिली. तिने दोरा कापला. आता पोर जन्मभर अडखळायची नाही. आणि कापल्याबरोबर ती खरंच चालली! इतके दिवस भिंत धरून चालायची; काल भिंत सोडून सरळ पुढे आली, माझ्या गुडघ्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "आई." बायकांनी टाळ्या पिटल्या. शेजारची सोनुन— पस्तीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची डोकेदुखी— म्हणाली, "साठीला टेकल्यावर शेंडेफळ झालं गं तुला."

पोरीला जन्म दिलेले दोघं मात्र मॉस्कोत. मुलगा कुबानिच गोदामात, सून पेरिझात दुकानात गल्ल्यावर. पोर पाच महिन्यांची असताना माझ्या मांडीवर ठेवून पेरिझात परत गेली. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, आमच्याकडे हे असंच चालत आलंय, त्यात कुणी कुणाला विचारत नाही. पोर मला आई म्हणते, म्हाताऱ्याला बाबा. फोनवर पेरिझात दिसली की आम्ही सांगतो, बघ, वहिनी आली.

पाहुणे जेवत असताना कुबानिचचा फोन आला. म्हणे उत्तरेला कुठेतरी नवं गोदाम उघडतंय, तीन वर्षांचा करार देतायत, पंधरा मेपर्यंत सही करायचीय. "आई, काय करू?" मी म्हटलं, "घरी ये." तो हसला. दोन वर्षं म्हणून गेला होता, चौथं चालू आहे. त्यात आणखी तीन म्हणजे तो मला गेल्यातच जमा.

काल रागाने जेवलेच नाही. आज मात्र ठरवलं. ह्या सोहळ्याची फिल्म करून पाठवायची. सुटे तुकडे नाहीत, एकसंध, नीट फिल्म. बघितली की सहीसाठी हात उचलणार नाही अशी.

२२ एप्रिल, सोमवार

सगळ्यांच्या फोनमधून व्हिडिओ गोळा केले. नणंदेच्या फोनमध्ये नुसत्या पातेल्यांचे. सोनुनच्या फोनमध्ये नुसती तिची नात. म्हाताऱ्याच्या फोनमध्ये त्याचा अंगठा. अंगठ्याचे एकूण चौदा व्हिडिओ आहेत आणि एक चांगला— पोर चालत येते तो. तो कसा चांगला आला हे त्यालाही माहीत नाही.

बाजाराजवळच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे गेले. जूनमध्ये देतो म्हणाला, आणि पोरीच्या मागे उडते घोडे टाकतो. मला घोडे नकोत आणि जूनही नको.

"मग घरीच कर," सोनुन म्हणाली. "कुबानिचचा कॉम्प्युटर पडलाय ना कोपऱ्यात. फुकटची सॉफ्टवेअरं रग्गड मिळतात."

"कुठलं घेऊ?"

"ते तुझं तू बघ."

मी नारिनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात तारा जोडल्या आहेत. अख्खा जिल्हा माझ्या हातांतून बोलायचा. व्हिडिओचे चार तुकडे जोडणं मला काय जड आहे?

२४ एप्रिल, बुधवार

जड आहे.

पहिलं उतरवून घेतलं. चिन्हावर पतंग होता म्हणून मी त्याला पतंगच म्हणते. पानावर मोठ्या अक्षरांत— मोफत, सोपं, कुणालाही जमेल. उतरायला अर्धी दुपार गेली. उघडल्यावर म्हणे नाव सांगा, पत्ता सांगा, फोन सांगा, फोनवर आकडे येतील ते भरा. आकडे आलेच नाहीत. देशांच्या यादीत आपला देश शोधला तर नव्हता. शेवटी शेजारच्या कझाकस्तानची म्हणून शिरले. देव मला क्षमा करो.

आत मात्र छान होतं. तुकडे ओढून ठेवायचे, कात्रीने कापायचं. संध्याकाळपर्यंत दोन मिनिटांची फिल्म झाली. मी म्हाताऱ्याला हाक मारली, तो चहाची वाटी घेऊन आला. सुरू केली तर काय! बेगिमायच्या तोंडावर मधोमध, आडवं, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव. जिथे पोर जाते तिथे अक्षरं तोंडावर.

"हे कोण?" म्हातारा म्हणाला.

"हे फुकट असल्याची खूण आहे. पैसे भरले की निघते."

"मग फुकट कसलं?"

त्यालाही कळतं आणि त्यांना कळत नाही. पतंग काढून टाकला. काढताना तीनदा विचारतो, खरंच जाणार का, आमचं काय चुकलं. माझ्या दिराच्या वरताण.

२७ एप्रिल, शनिवार

सोनुनने बातमी आणली की खरे सिनेमे करणारे लोक वापरतात ते सॉफ्टवेअरसुद्धा फुकट मिळतं. नावाची पट्टी नाही, अक्षरं नाहीत, काही नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता.

रात्रभर उतरत होतं. सकाळी उघडलं. पडदा काळा झाला. मग पंखा सुरू झाला. असला आवाज, की बेगिमाय रडत उठली. मग अगदी सभ्य भाषेत एक चौकट आली, आपल्या यंत्रात हे नाही, ते नाही, अमुक कार्ड नाही, स्मृती चौपट हवी. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, फक्त त्याला ठेवायला नवा कॉम्प्युटर आणा.

म्हातारा म्हणाला, "शिंगराला मालगाडी जुंपलीस."

"तुम्ही गप्प बसा."

"मी गप्पच असतो. पंखा बोलतोय."

ह्या माणसाशी मी चौतीस वर्षं काढली.

२८ एप्रिल, रविवार

कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. जळो मेलं ते.

३० एप्रिल, मंगळवार

आज तिसरं. ह्या वेळी शहाणपणाने आधी लोकांची मतं वाचली. एक म्हणतो अप्रतिम, दुसरा म्हणतो विष आहे, तिसरा त्या दोघांना शिव्या देतोय. एकाने लिहिलं होतं, "माझ्या आईलाही जमलं." मला राग आला. आईला जमलं हे काय मोजमाप झालं? तरी तेच घेतलं.

बसवताना ते सारखं विचारत होतं, पुढे? पुढे? पुढे? मी पण पुढे, पुढे करत गेले. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत, सवयच नाही. ती पुढे-पुढेची चौकट नीट वाचायची असते हे मला नंतर सोनुनने सांगितलं. कारण त्या एका सॉफ्टवेअरबरोबर आणखी तीन पाहुणे घरात शिरले. एक हवामान सांगतो, एक यंत्राचा वेग वाढवतो म्हणतो आणि त्याने यंत्र जागचं हलेना झालं. तिसऱ्याने तर कहर केला. म्हातारा रोजच्यासारखा बातम्या वाचायला बसला, तर समोर पत्ते, चक्र आणि अर्ध्या कपड्यांतली बाई. जुगार खेळा म्हणते.

नेमकी तेव्हाच नणंद आली. म्हणाली, "दादा, ह्या वयात?"

तो बिचारा लाल झाला. मी सांगत होते की ही माझी करणी आहे, पण तिचा विश्वास बसला असं वाटत नाही. पूर्ण संध्याकाळ पाहुणे हाकलण्यात गेली. फिल्मचा एक तुकडाही झाला नाही. पंधरा दिवस राहिलेत आणि मी बायका पुसत बसलेय.

२ मे, गुरुवार

गुरुवार म्हणून मेलेल्यांच्या नावाने तेल तापवलं, पिठाचे बोर्सोक तळले, गल्लीत वाटले. सोनुनकडे थाळी घेऊन गेले आणि तिथेच बसून रडले. रागाने, दुःखाने नव्हे. म्हटलं, बाई, मला फक्त एक कात्री आणि एक दोरा हवाय. उडते घोडे नकोत, नाव नोंदवायचं नाही, पत्ते खेळायचे नाहीत. मिळत कसं नाही?

तिने तिच्या भाच्याला बिश्केकला फोन लावला. तो म्हणाला, मावशी, एक आहे, जगभरचे लोक मिळून विनामोबदला करतात, दिसायला कुरूप आहे, पण खोटं बोलत नाही.

मी म्हटलं, "पण ते लोक फुकट का देतात? त्यांना काय मिळतं?"

सोनुनने बोर्सोक तोंडात टाकला. म्हणाली, "हे तू का वाटतेस?"

थाळी उचलून घरी आले. उतरवून घेतलं. राखाडी आहे, बटणं बारकी, अर्धी रशियन आणि अर्धी कुठल्या भाषेत देव जाणे. पण नाव विचारलं नाही, फोन विचारला नाही. बेगिमायच्या तोंडावर एक अक्षर नाही.

४ मे, शनिवार

राखाडीचा स्वभाव कळायला लागलाय. कष्टाळू आहे, पण तिरसट.

नणंदेच्या नव्या फोनचे व्हिडिओ घातले तर नुसता आवाज, चित्र नाही. सगळे दुसऱ्या जातीत बदलून घ्यावे लागले, एकेकाला पाऊण तास. ते झालं तर थोरल्या काकांचा आशीर्वाद पुढे-मागे व्हायला लागला. थोरले काका म्हणजे म्हाताऱ्याचे चुलते, घराण्यातले सगळ्यात वडील. ते तोंड मिटून घेतात आणि आवाज चालूच राहतो. म्हातारा म्हणाला, "काकांचं नेहमीच असं असतं." मला हसू आवरेना. पण दोन तास मान मोडून बसले तेव्हा ओठ आणि शब्द जुळले.

पुढची पंचाईत वेगळीच. काका अर्धा तास बोललेत. पोरीला आयुष्य दिलं, धन दिलं, मग गवताच्या भावावर गेले, मग त्यांच्या गुडघ्यावर, मग परत पोरीवर. आणि आशीर्वाद कापता येत नाही! सगळे तळवे उघडून बसलेत. शेवटचा शब्द होऊन सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवला की तो लागला. मधला गुडघा कापला तर हात मध्येच उड्या मारतात. पोरीला अर्धवट आशीर्वाद लागला तर त्याला जबाबदार कोण, सॉफ्टवेअर?

अर्धा तास अख्खा ठेवला. गुडघ्यासकट.

६ मे, सोमवार

आज मी म्हाताऱ्याला बोलू नये ते बोलले.

सकाळी उघडलं तर सगळी पट्टी लाल. एकही तुकडा नाही. जिथे बेगिमाय होती तिथे लाल चौकट आणि त्यात लिहिलेलं, सापडत नाही.  तासभर शोधलं. मग हा हळूच म्हणतो, "काल तुझ्या फायली फार पसरल्या होत्या. मी आवरून ठेवल्या."

"कुठे?"

"नीट. पातेली एकीकडे, माणसं एकीकडे."

जन्मात ह्याने स्वतःचे मोजे आवरले नाहीत. राखाडीला वस्तू जिथून दिली तिथेच लागते, एक बोटभर हलवली तरी ओळख देत नाही. मी ओरडले. म्हटलं, तुम्हाला पोरगा यायलाच नकोय, म्हणून मुद्दाम करताय. तो उठला. टोपी घालून नदीकडे निघून गेला.

एकेक तुकडा शोधून परत जागेवर ठेवला. संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या आवडीचा नूडल्सचा रस्सा केला होता. माफी मागितली नाही, पण मांस जास्त वाढलं.

९ मे, गुरुवार

दुपारी वीज गेली. काकांच्या आशीर्वादापासून पुढचं सगळं गेलं. मी जपून ठेवलं नव्हतं. कुणाच्या डोक्यावर खापर फोडायला कुणी नाही, हे सर्वांत वाईट.

११ मे, शनिवार

झाली! पंधरा मिनिटं अधिक काका.

सुरुवातीला मी दोरा वळते ते. मग अंगण, बर्फाचे डोंगर, धावणारी मुलं, सुरी. मग काका. सगळ्यात शेवटी माझा जीव की प्राण— म्हाताऱ्याने काढलेला तो एकच चांगला तुकडा. बेगिमाय भिंत सोडते, डुलत डुलत चालत येते, फोनच्या अगदी जवळ येते, मग माझ्याकडे वळते आणि म्हणते, आई. मी तिला उचलते. तिथे थांबवलं. त्यावर काही लिहिलं नाही, गाणं घातलं नाही. ह्याच्यापुढे कुठल्या आईबापाचा हात सहीला उठेल?

म्हाताऱ्याला दाखवली. त्याने शेवटपर्यंत बघितली. मला वाटलं डोळे पुसतोय, पण नाही. म्हणाला, "शेवटचा तुकडा काढ."

"कुठला?"

"आईवाला."

"का? तुम्हीच काढलाय तो. तुमचा अंगठा नाही असा तेवढाच आहे."

"काढ म्हणतो ना."

"पण का?"

"उगाच," म्हणाला आणि उठला.

उगाच म्हणे. सोमवारचा राग असेल अजून. तीन आठवडे मी डोळे फोडून घेतले आणि ह्याचं एक उगाच. काढला नाही.

१२ मे, रविवार

पाठवली. चढायला सकाळपासून संध्याकाळ. एकदा नव्वद टक्क्यांवर अडकली तेव्हा मी फोन खिडकीत धरून उभी राहिले, मग दारात, मग कोंबड्यांच्या खुराड्यावर चढले. तिथून गेली.

१३ मे, सोमवार

बघितल्याच्या दोन खुणा आल्या. उत्तर नाही.

१४ मे, मंगळवार, सकाळ

उत्तर नाही. चहा दोनदा उतू घालवला. उद्या सहीचा दिवस. म्हाताऱ्याला म्हटलं, तुम्ही फोन करा. तो म्हणाला, "पाठवलंस ना? आता त्यांना बघू दे."

त्याच दिवशी, संध्याकाळ

कुबानिचचा फोन!

"आई, सही करत नाही मी."

 त्याला म्हटलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितलं. फिल्म तीनदा बघितली म्हणे, पेरिझात तर रात्री उठून उठून बघते. ती चोवीस तारखेला येतेय, आधी एकटीच, रजा मिळाली की तो. "बाकी ती आल्यावर बोलेल."

बाकी काय बोलायचंय! बोलायचं ते राखाडीने बोलून टाकलं. मी सोनुनकडे धावत गेले, नणंदेला फोन केला, थोरल्या काकांना कळवलं. काका म्हणाले, आशीर्वाद पूर्ण लागला होता. मी म्हटलं, काका, अख्खा ठेवला होता, गुडघ्यासकट. त्यांना कळलं नाही.

१८ मे, शनिवार

त्या दोघांची खोली आज पांढरी केली. गाद्या उन्हात घातल्या. कुबानिचला इथे कामाचं काय, ते बघू. कालव्यावर माणसं लागतात, नाहीतर म्हाताऱ्याचा मित्र आहे गॅरेजवाला. पेरिझातला दुकानात घेतील, अनुभव आहे.

मी एकटीच बोलत होते. म्हातारा चुन्याची बादली धरून उभा. म्हणाला, "मी माझ्या आईला वहिनी म्हणायचो."

ते मला ठाऊक आहे. तोही पहिला नातू, आजीने वाढवलेला. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

म्हणाला, "एकाच अंगणात राहायचो. ती भाकरी करायची आणि मी तिच्या समोरून आजीकडे आई, आई करत पळायचो. शेवटच्या आजारपणात तिने एकदा मला विचारलं, एकदा म्हणशील का? माझ्या तोंडातून निघेना."

"मग?"

"मग काही नाही. निघालाच नाही शब्द."

चौतीस वर्षांत हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण म्हटलं, अहो, ते तेव्हाचं झालं. आता सगळे एका छपराखाली येतायत, आनंदाच्या वेळी हे काय काढलंत? तो चुना कालवत राहिला.

२४ मे, शुक्रवार

पेरिझात आली. बिश्केकहून सहा तासांची गाडी, तोंड उतरलेलं, किती वाळलीय पोर. फाटकातच बॅग टाकली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पुढे केले.

बेगिमाय माझ्या घागऱ्यामागे लपली. मी तिला पुढे ढकलत म्हटलं, "जा गं, वहिनी आली बघ. जा वहिनीकडे."

सवयीने गेलं तोंडातून. रोज फोनवर म्हणतो तेच. पेरिझातने हात खाली घेतले. पोर माझ्या पायाला मिठी मारून आई, आई करत रडायला लागली. मी उचलली नाही, पण तिने पाय सोडला नाही.

चहा झाला, पाव मोडला. मी कालव्यावरच्या कामाचं काढलं. पेरिझातने वाटी खाली ठेवली. "आई, आम्ही इकडे नाही येत. उत्तरेला बालवाडी नव्हती, म्हणून ह्यांनी सही केली नाही. माझ्या दुकानाजवळ खोली घेतलीय. मी तिला न्यायला आलेय."

म्हटलं, "फिल्म बघून तुम्हाला घर आठवलं नाही?"

"आठवलं. रोज कामावर जायच्या आधी तो शेवटचा तुकडा बघते. ती चालत येते ना, सरळ माझ्याकडे येते. अगदी जवळ येते. आणि मग तुमच्याकडे वळते." ती रडत नव्हती. "आई, मी तुमच्यावर रागावलेली नाही. पण ती वळते."

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल, घराण्याची रीत काढेल, पहिलं नातवंड कुणाचं ते सांगेल. त्याने पेरिझातच्या वाटीत चहा ओतला आणि म्हणाला, "कधीची तिकिटं आहेत?"

एक जूनची.

मला तिचा राग आला, कुबानिचचा आला, म्हाताऱ्याचा आला, त्या राखाडीचा आला. तीन आठवडे मान मोडून मी स्वतःच्या हातांनी काय जोडलं! पतंगच ठेवला असता तर पोरीच्या तोंडावर अक्षरं आली असती आणि कुणाला काही नीट दिसलं नसतं.

२५ मे, शनिवार

 सोनुन आली होती, दार उघडलं नाही.

२७ मे, सोमवार

पेरिझात पोरीला भरवायला बसली. पोर तोंड फिरवते. मी भरवते तर खाते. पेरिझात चमचा पुसून बाजूला ठेवते आणि भांडी घासायला उठते. एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर मी भांडले असते.

म्हातारा त्या भांड्यांच्या आवाजाकडे मान करून बसून राहतो.

३१ मे, शुक्रवार

चार दिवस शिकवतेय. पेरिझातकडे बोट दाखवते, ही आई. माझ्याकडे बोट, ही आजी. पोर हसते, माझं बोट चावते आणि मलाच आई म्हणते. मी ओ देत नाही. रडली तरी देत नाही. म्हाताऱ्यालाही सांगून ठेवलंय, वहिनी शब्द ह्या घरात काढायचा नाही.

दुपारी पीठ मळत होते. पाठीमागून कुणीतरी माझा घागरा ओढला आणि म्हणालं, "आजी."

मी ओ दिली.